नवसाचं चालणं

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तशी आमच्या यांच्या फिरायला जाण्याला. हे म्हणजे माझे मालक. अमडापूरच्या बाजारात आमचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. दिवसभर गल्ल्यावर बसायचं, आलेल्या शेतकऱ्याची कपाशी ऐकायची, सोयाबीन ऐकायचं आणि त्याच्याबरोबर चहा प्यायचा. गिऱ्हाईक आलं आणि चहा झाला नाही असं आमच्या दुकानात होत नाही. त्या चहानं साखर लागली की यांच्या आईकडून आली, देव जाणे. पण चाळिशी सरता सरता डॉक्टरांनी सांगितलं, शुगर आहे, गोळ्या घ्याच, पण रोज चालायला लागा.

"लागतो ना," हे म्हणाले, आणि पुढची कितीतरी वर्षं हे लागतच होते.

साखर काय करते ते यांना कुणी सांगायची गरज नव्हती. सासूबाईंचा शेवट आमच्याच घरात झाला. आधी डोळे गेले, मग किडन्या. आपल्याच घरात भिंत चाचपत चालणारी आई यांनी पाहिली होती, तिला उचलून जीपमध्ये यांनीच बसवलं होतं. "मले मायसारखं नाही मरायचं," हे मला कितीदा तरी म्हणाले असतील. अगदी मनापासून म्हणायचे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पांघरूण डोक्यावर घ्यायचे.

बहाणे तरी किती प्रकारचे असावेत. जून उजाडला की, "आता सीझन हाये व, लोकं उजाडायच्या आधी दुकानापुढं येऊन उभे राह्यतात." पेरण्या झाल्या की रस्त्यानं चिखल. मग पोळा, मग महालक्ष्म्या, घरात पाहुणे. पाहुण्यांना सोडून फिरायला कसं जायचं? पुढे सोयाबीनची सोंगणी. थंडीत छाती भरते. उन्हाळ्यात सकाळचीच झोप काय ती लागते. एखादा दिवस असा यायचा की त्या दिवशी काहीच नसायचं, तेव्हा कुत्रे असायचे. चिखलीच्या रस्त्याला म्हणे कुत्रे फार झालेत.

मी मुळात तोंडाची फटकळ. "कुत्र्यायले सांगू का, आमचे शेठ येऊन राह्यले, बाजूले व्हा म्हणून?" असं मी म्हणायची आणि हे हसायचे. यांचं हसणंच असं होतं की माझा राग तिथंच बसायचा. मग मी चहा टाकायची, बिनसाखरेचा, आणि हे तो तोंड वाकडं करून प्यायचे. दुकानात जाऊन साखरेचा प्यायचे, ते मला माहीत होतं.

आमची मुलगी पुण्यात नोकरीला आहे. तिनं बापासाठी चांगले बूट पाठवले. यांनी ते घालून आरशात पाहिलं, अंगणात एक चक्कर मारली आणि म्हणाले, "हे घालून रस्त्यानं गेलो तं लोकं म्हणतीन, शेठ आता पोलीस भरतीले उतरून राह्यले काय?" बूट खोक्यात आणि खोकं कपाटावर. मग तिनं पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. त्याचे आकडे तिला तिकडे फोनवर दिसायचे. आठवडाभर बाबा भरपूर चालतात म्हणून तिला केवढा आनंद. मी एकदा दुपारी डबा घेऊन दुकानात गेले तर हे खुर्चीवर बसल्या बसल्या हात पुढे-मागे हलवत होते. समोरचा शेतकरी आपला युरियाचा भाव विचारतोय आणि यांचा हात झोक्यासारखा चालू. मला हसू आवरेना. रात्री मात्र फार रडले, कारण हा माणूस आपल्याच पोरीला नाही तर आपल्याच जिवाला फसवत होता आणि मला ते कळत असून काही करता येत नव्हतं.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्यावर डाग दिसायला लागलेत. घरी आल्यावर आईच्या खोलीत गेले, तिथं आता खताच्या कंपन्यांच्या छत्र्या आणि कॅलेंडरं पडलेली असतात, आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले.

पुढच्या आठवड्यात घट बसले. नवरात्रात आमच्याकडे अर्धं गाव चपला सोडतं. बँकेतला कॅशियर अनवाणी, शाळेतले मास्तर अनवाणी, मोटरसायकलवरची कॉलेजची पोरंसुद्धा अनवाणी. पहाटे सगळे टेकडीवरच्या देवीला चालत जातात. आमचे हे दरवर्षी देवीला दुकानातूनच हात जोडायचे. त्या वर्षी घटस्थापनेच्या पहाटे मला जाग आली तर अंथरूण रिकामं. मला वाटलं, तब्येत बिघडली की काय. बाहेर येऊन बघते तर चपला दाराशी तशाच आणि हे नाहीत. उजाडल्यावर आले, कपाळाला कुंकू, अंगाला घाम. देवीहून अनवाणी आलेल्या माणसाच्या पायावर पाणी घालायची आमच्याकडे रीत आहे. मी तांब्या आणला आणि पाय धुतले.

सगळं नवरात्र असंच गेलं. एकही दिवस चुकला नाही. एक दिवस पाऊस होता, हे पोत्याची खोळ करून गेले. एका सकाळी दुकानात खताचा ट्रक यायचा होता, तर यांनी ट्रकवाल्याला फोन करून थांबवलं. यांनी, ज्यांना बहाण्याला पाहुणेसुद्धा पुरायचे. मी मुलीला फोनवर सांगितलं तर तिला खरं वाटेना. घड्याळाचं मी तिला मागेच सांगितलं होतं, पुन्हा हात हलवून राहिले असतील म्हणाली.

दसऱ्याला लोकांनी चपला घातल्या. यांनी नाही घातल्या.

"झालं ना आता नवरात्र. घाला."

"नाही घालत. पुढच्या नवरात्रापर्यंत नाही. बोललो मी देवीले."

"साखरेच्या माणसानं वर्षभर अनवाणी फिरायचं? डॉक्टर काय म्हणतीन?"

"ऐक व जरा," हे म्हणाले, आणि मला समोर बसवलं. असं कधी बसवत नसत. "चप्पल घातली की मी साखरेसाठी चालतो. अन् साखरेले तं मी रोज फसवतो, तुले माहीत हाये. चप्पल काढली की मी देवीसाठी चालून राह्यलो. देवीले कसा फसवू? बहाणाच सुचत नाही. इतक्या दिवसांत एकदाही नाही सुचला. माह्यासाठी हेच औषध हाये."

मेलेला बैल उठून उभा राहिल्यावर त्याला उभं कसं राहायचं हे कोण शिकवतं? मी म्हटलं, बरं.

ते सहा-सात महिने आमच्या संसारातले फार चांगले गेले. उगाच म्हणत नाही. हे पहाटे उठायचे, टेकडी चढून यायचे, मी पायावर पाणी घालायची. टाचा पार भेगाळल्या होत्या, त्यांना मी आमसुलाचं तेल लावून द्यायची. दुकानात चहा आला की हे सांगायचे, "माह्या देवीचं चालू हाये," आणि समोरचा आग्रह करायचा थांबायचा. साखर आहे म्हटलं असतं तर तोच म्हणाला असता, एका कपानं काय होते शेठ. देवीचं नाव घेतलं की आमच्याकडे माणूस कप मागे घेतो. यांचं पोट उतरलं. शर्ट ढगळ झाले. पोरीशी फोनवर स्वतःहून बोलायला लागले.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा रिपोर्ट बघून डॉक्टर खुर्चीत सरळ बसले. "काय केलंत?" "चालतो रोज," हे म्हणाले, कॉलर ताठ. डॉक्टरांनी शाबासकी दिली, पायाला जपा, चांगल्या चपला वापरा, असं नेहमीचं सांगितलं. यांनी मान हलवली. हे अनवाणी फिरतात हे डॉक्टरांच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं. दवाखान्यात सगळेच चपला बाहेर काढून आत येतात. सगळ्या पेशंटांचे पाय उघडेच असतात. मी बोलायला तोंड उघडलं होतं, तर यांनी माझ्याकडे असं पाहिलं, शाळेतल्या पोराचा पहिला नंबर आल्यासारखं, की मी दुसरंच काहीतरी विचारलं. गोळ्या जेवणाआधी की नंतर, असं काहीतरी.

होळीनंतर कधीतरी हे म्हणाले, "तू काऊन उठतं एवढ्या लवकर? झोप. मी घेतो माह्या हातानं पाणी." मला बरंच वाटलं. कितीतरी दिवसांत सलग झोप झाली नव्हती. हे बाहेरच्या नळावर पाय धुवून यायचे. जेवायला खुर्चीवर बसायला लागले, मांडी घालत नव्हते. वय झालं, गुडघे धरले असतील, असं वाटलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांचं असतं. घागर भरतात, पुरणपोळी, आंब्याचा रस, आणि घरातल्या कर्त्या पुरुषानं पाटावर बसून आईवडिलांच्या नावानं घास टाकायचा. तिथं खुर्ची चालत नाही. यांनी मांडी घातली. मी रसाची वाटी घेऊन वाकले आणि मला यांचा उजवा तळवा दिसला. अंगठ्याच्या खाली काळा खड्डा होता. बोट जाईल एवढा. कडेनं पांढरट, ओलं. त्यात हळद भरलेली होती.

वाटी मी खाली ठेवली. घास टाकून होईपर्यंत थांबले, कारण मध्ये बोलता येत नाही. तेवढा वेळ कसा गेला ते माझं मला माहीत.

"हे काय हाये?"

"काटा मोडला असल. होळीच्या टायमाले. दुखत नव्हतं ना व. दुखलं असतं तं सांगितलं असतं."

"दीड महिना? अन् तुम्ही त्याच्यावर टेकडी चढून राह्यले?"

यांनी तळवा मांडीखाली घेतला. मग म्हणाले, "पाय बरा नाही म्हणून घरी राह्यलो असतो, तं तोही एक बहाणाच झाला असता. जिंदगीभर बहाणेच केले. हा एक नव्हता करायचा."

मला इतका राग आला की पुढ्यातलं ताट फेकून द्यावं. कुणावर फेकायचं ते कळेना. जन्मभर खोटी कारणं सांगणाऱ्या माणसाला पहिल्यांदा खरं कारण मिळालं होतं आणि तेच त्यानं गिळलं. आणि पाय मेला होता, दुखतच नव्हता, साखरेनं तळव्याची जाणीव केव्हाच खाऊन टाकली होती. आम्हाला वाटत होतं की देवी काटे टोचू देत नाही.

त्याच दिवशी जीप सांगितली. तरी हे चप्पल घालायला तयार होईनात. आधी देवीच्या पुजाऱ्याला विचारायचं म्हणाले. टेकडीच्या पायथ्याशी जीप थांबवली. पुजारी रबरी चपला घालूनच बाहेर आला. पाय बघून त्यानं कपाळाला हात लावला. "देवीनं कधी म्हटलं होतं शेठ, पाय सोलून घे म्हणून? नारळ फोडा अन् घाला चप्पल." नारळ फोडला. चप्पल काही पायात गेली नाही. सूज फार होती.

बुलडाण्याला आधी अंगठा काढला. मग वरपर्यंत काळं पडत गेलं म्हणून औरंगाबादला नेलं. तिथले डॉक्टर तरुण होते, आमच्या पोरीच्या वयाचे. हे अनवाणी चालायचे असं ऐकल्यावर त्यांनी आधी दुसऱ्या पायाचा तळवा उलटून पाहिला. मग फाईल चाळत म्हणाले, "पण शुगर तर छान कंट्रोलमध्ये आहे." यांनी विचारलं, "छान हाये ना?" डॉक्टर म्हणाले, "हो, खूपच छान." दुसऱ्या दिवशी गुडघ्याखाली पाय काढला.

घरी आल्यावर माणसांची रीघ लागली. कुणी म्हणालं, एवढं देवीचं केलं अन् देवीनं असं केलं. कुणी म्हणालं, नवसात काहीतरी चुकलं असल, मध्येच मोडला ना. एक बाई तर मला म्हणाली, तुम्ही नीट लक्ष दिलं नसल पायाकडं. मी तिला चहासुद्धा विचारला नाही. नवरात्र आलं तेव्हा पहाटे रस्त्यानं माणसं अनवाणी जाताना आवाज यायचा, आणि मी आत उशीत तोंड खुपसून देवीला शिव्या द्यायची. अजून देते. देवी ऐकते की नाही माहीत नाही.

दुकान आता मी बघते. सकाळी शटर उघडते, दुपारी येऊन यांना जेवायला घालते. औरंगाबादला माप देऊन यांच्यासाठी नकली पाय करून आणला. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, काकू, यांना रोज चालवा. दुसऱ्या पायाची जाणीवही गेली आहे. बसून राहिले तर साखर पुन्हा वाढेल, मग डोळे, मग किडन्या. तिनं पुढचं सांगायची गरज नव्हती, आमच्या घरातच ते घडून गेलं होतं.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी यांनी पाय बांधला. माझ्या खांद्यावर हात ठेवून दारापर्यंत आले, बाहेर बघितलं, परत फिरले आणि पलंगावर बसले. पाय सोडून माझ्या हातात दिला. त्यानंतर बांधला नाही.

मी सगळं करून बघितलं. भांडले, समजावलं, पोरीला पुण्याहून बोलावलं. ती बापाच्या पुढ्यात बसून रडली, यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तोंड भिंतीकडे केलं. रिपोर्ट आता वाईट येतात. टपरीवरून चहा मागवतात, साखरेचा, माझ्यासमोर पितात. लपवतसुद्धा नाहीत. मी कप हातातून काढून घेतला तर देऊन टाकतात, आणि मी दुकानात गेले की दुसरा मागवतात. दिसायला कमी झालंय ते मला कळतं. मोबाईल डोळ्यांच्या फार जवळ धरतात.

परवा सकाळी मी पुन्हा तो पाय घेऊन पलंगाशी बसले. बाहेर उजाडत होतं. मी म्हटलं, "चला, अंगणापर्यंतच."

"नाही."

"काऊन नाही? पट्टा टोचून राह्यला का? टोचत असल तं साचा बदलून देतात, मी विचारून आली."

"नाही टोचत."

"मग भेव वाटते का पडायचं? मी धरतो ना."

"भेव कशाचं?"

मी थांबले. माझ्या लक्षात आलं की मी यांना एकेक कारण पुरवत होते आणि हे एकेक परत करत होते. एवढी वर्षं या माणसाशी भांडले, पण कारण सांगणारा माणूस उद्या जाईन, सीझन झाल्यावर जाईन, असं तरी म्हणत होता. मला हातापाया पडावंसं वाटलं.

"काहीतरी सांगा," मी म्हटलं. "खोटं सांगा. कुत्रे हायेत म्हणा, काहीही म्हणा, मी ऐकून घेतो."

यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

"काय सांगू व," हे म्हणाले. "मले जायचंच नाही कुठं."